नुसता सेन्सर असणार

शनिवार, ७ फेब्रुवारी

गाडी घेतली! मधल्या आकाराची सेडान, बारा वर्षं वापरलेली. रंग कागदोपत्री 'शॅम्पेन', प्रत्यक्षात मळखाऊ. एक लाख एकतीस हजार मैल. विकणारे गृहस्थ म्हणाले, त्यातले निम्मे हायवेवरचे आहेत, ते धरायचे नसतात. माणूस सज्जन. मी स्वतः वीस वर्षं गाद्या विकतोय, थापा मारणारा विक्रेता मला दुरून ओळखू येतो.

बेत असा. माझी मुलगी कोरा सोळा पूर्ण. शिकाऊ लायसन्स आहे, मार्चमध्ये परीक्षा. परीक्षेला गाडी आपलीच न्यावी लागते, तर ती ही. पास झाली की गाडी तिची. मला काय, दुकान चालत दहा मिनिटांवर. मग एकाआड एक शनिवार-रविवार, त्यासाठी नोरीनची परवानगी, माझे चाळीस मैल आणायला आणि चाळीस सोडायला, हे सगळं बंद. पोरीला मनात आलं की किल्ली उचलेल आणि बापाकडे येईल. रोजसुद्धा येईल. नोरीनला (घटस्फोटाला चार वर्षं झाली) हा शेवटचा भाग अजून सांगितलेला नाही.

घरी येताना पन्नासच्या पुढे मागून घरघर. रेडिओ लावला. घरघर थांबली.

संकल्प: ऑइल वेळच्या वेळी. गाडीत खाणे बंद. बारीकसारीक आवाजांना घाबरणे बंद.

रविवार, ८ फेब्रुवारी

गाडीतूनच कॉफी घ्यायची म्हणून काच खाली केली. ती गेलीच खाली. धप्पकन दाराच्या पोटात. बाहेर तलावावरून वारा सुटलेला. खिडकीतली पोरगी म्हणाली, सर, तुमची काच पडली. जसं काही मला कळलं नव्हतं.

घरी आणून दोन्ही हातांनी काच वर ओढली, फटीत लाकडी पाचर मारली. आता हलत नाही. नव्या माणसाने गाडी चालवताना खिडकीबाहेर बघूच नये, त्यामुळे हे बरंच झालं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कोराला आणली. गाडी बघून म्हणाली, डॅड, ही आजारी आहे का? म्हटलं, थंडीत सगळ्याच गाड्या सकाळी किंचाळतात, पट्टा गरम झाला की गप्प बसतात. ती म्हणाली, ग्लेनची नाही किंचाळत. ग्लेन म्हणजे नोरीनचा नवरा. त्याची गाडी तीन वर्षांची आहे. तिला किंचाळण्यासारखं आयुष्यात घडलंय काय?

मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव. पोरीचा हात छान आहे. हॉर्न फक्त चाक डावीकडे वळवलेलं असताना वाजतो, हा शोध लागला. उजवीकडे मुकाट्याने वळायचं, एवढंच लक्षात ठेवायचं.

शेजारच्या सीटवर बसून माझे तळहात ओले होत होते. हीटर जोरात असणार. (हीटर फक्त पायांवर येतो. असो.)

सोडायला गेलो तेव्हा नोरीनने तिच्या अंगणातच गाठलं. गाडीला एक फेरी मारून म्हणाली, लाइल, एक सांगते. परीक्षेपर्यंत दर रविवारी शिकव, माझी हरकत नाही. पण या डब्यामुळे पोरीला काही झालं ना, तर तुझ्या गाडीत ती परत बसणार नाही. मी हसलो. हसताना दात वाजले. थंडी.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दुकानातून निघून गाडी फिरवून आणावी म्हणून हायवेला लागलो, तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा. इंजिनाचं चित्र. बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता बसून होतो. दिवा माझ्याकडे बघत होता, मी दिव्याकडे.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण, उपासाचे दिवस म्हणून शुक्रवारी मांस नाही. ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी इथंच जेवायचं ठरवलंय, स्वस्त पडतं. समोर नेमकी बेव्ह येऊन बसली. बेव्हचं गॅरेज आहे आणि तोंड त्याहून मोठं आहे. गाडीचं नाव काढलं तसा तिने काटा खाली ठेवला आणि हिशोबच सुरू केला. मागची घरघर म्हणजे चाकाची बेअरिंगं, एकेका बाजूला साडेतीनशे डॉलर. किंचाळणारा पट्टा दीडशे. जळका वास येतो का? येतो ना? मग इंजिनावरचं गॅस्केट, चारशे धर. काचेची मोटार तीनशे. हॉर्नसाठी स्टिअरिंग खोलावं लागेल, त्याचं आत्ता बोलतच नाही. आणि बारा हिवाळे रस्त्यावरचं मीठ खाल्लेली गाडी आहे बाबा, खालून काय राहिलंय ते लिफ्टवर घेतल्याशिवाय मला नको विचारूस. तुझी कोबीची कोशिंबीर खाणार आहेस का?

सगळं मिळून गाडीच्या निम्म्याहून जास्त किंमत. गॅरेजवाल्यांचं असंच असतं. आम्ही नाही का, उशी घ्यायला आलेल्याला पलंग दाखवत.

पिवळ्या दिव्याबद्दल ती म्हणाली, कधी नुसता सेन्सर असतो, कधी इंजिन बसायच्या बेतात असतं, तपासल्याशिवाय कोण सांगणार. म्हणजे नुसता सेन्सर असणार.

कोशिंबीर तिला दिली. भूक नव्हती.

शनिवार, २१ फेब्रुवारी

दिवा अजून आहे. त्याच्याकडे बघत राहिलं की समोरचं दिसत नाही, आणि ते खरं धोक्याचं. वाहन सुरक्षित चालवणे हा मुद्दा महत्त्वाचा. म्हणून काळी इन्सुलेशन टेप आणली आणि दिव्यावर लावली. दिव्यापुरता बारीक तुकडा काही नीट कापता येईना, वेडावाकडा दिसायला लागला. मग ऐसपैस, सरळ पट्टी लावली. एकदम कंपनीतून आल्यासारखी.

मन शांत. गाडीही सुधारल्यासारखी वाटली.

रविवार, २२ फेब्रुवारी

कोराने विचारलंच, डॅड, ती पट्टी कशाला? म्हटलं, तुझं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून. तिला पटलं. माझ्यावर विश्वास आहे पोरीचा.

आज पहिल्यांदा गावातून चालवली. प्रत्येक सिग्नलला मी माझ्या बाजूला पायाने गालिचा दाबत होतो. ती म्हणाली, डॅड, ब्रेक माझ्याकडे आहे. म्हटलं, पाय आखडलाय. सोडताना नोरीनच्या गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, लायसन्स मिळालं ना, की आधी तुझ्याकडे येईन, न सांगता. तू घरी असशील ना? म्हटलं, मी कुठं जातोय.

येताना चाळीस मैल रेडिओवर काय लागलं होतं ते कळलं नाही. आवाज मात्र मोठा होता.

रविवार, १ मार्च

ब्रेकचं पेडल थोडं मऊ झालंय. पूर्वी दाबलं की टणक लागायचं. आता आधी जरा आत जातं, मग धरतं. माझ्या मते ही सुधारणा आहे. शिकणाऱ्याला कडक पेडल जाचतं. आमच्याकडेसुद्धा मधल्या गाद्यांना गिऱ्हाईक जास्त असतं.

गाडी उभी करतो तिथं मागच्या चाकाजवळ ओला डाग. बर्फ वितळतंय. डागाला बोट लावलं तर तेलकट. तेलकट बर्फ. रस्त्यावर काय काय टाकतात हल्ली. डागावर पुठ्ठा टाकला.

बेव्हला फोन करावा असं तीनदा मनात आलं. फोन केला तर ती म्हणेल, घेऊन ये. घेऊन गेलो तर ती वर घेईल. वर घेतली तर ती खालून बघेल. आणि बघितलं की गाडी महिनाभर तिच्याकडे, परीक्षा गेली, पोरगी पुढच्या तारखेपर्यंत लटकली. तेव्हा परीक्षेनंतर. परीक्षेनंतर नक्की.

रविवार, ८ मार्च

उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं आज एक तास पुढे. गाडीतलं कसं बदलतात ते ठाऊक नाही. नोव्हेंबरात आपोआप बरोबर होईल.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आज सराव केला. खाली पूल, पुलाच्या अलीकडे थांबायची पाटी, आडवा रस्ता ट्रकचा. कोरा व्यवस्थित उतरत होती. पाटी आली, तिने ब्रेक दाबला, गाडी थांबेना. म्हणजे थांबली, पण पाटीच्या पुढे. नाक आडव्या रस्त्यात. दुधाचा टँकर भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की पाचर निसटून काच परत पोटात पडली.

पोरगी म्हणाली, डॅड, मी दाबला होता. शपथ, मी पूर्ण दाबला होता. मी म्हटलं, उशिरा दाबलास. उतारावर आधीपासून दाबायला सुरुवात करायची असते. दोनदा म्हटलं.

ती रडली. मग म्हणाली, मला वाटतं मला हे जमणार नाही.

म्हटलं, सगळ्यांचं असं होतं. परतीला मी चालवली. माझे गुडघे स्टिअरिंगला आपटत होते, सीट फार पुढे सरकली होती म्हणून. घरी आल्यावर चावी कुलपात जाईना. चावी हलत होती.

उशिराच दाबला असणार तिने. नवीन आहे.

रविवार, १५ मार्च

कोरा आता फार सावध चालवते. शंभर पावलं आधीपासून ब्रेकवर पाय. चढावर असली तरी. मागचे लोक हॉर्न वाजवतात. तिला विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, माझीच वाटते. मी परत एखाद्या दिवशी उशिरा दाबला तर?

मी रेडिओ लावायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, नको ना डॅड, मला लक्ष द्यायचंय.

मग चाळीस मैल घरघर ऐकली. दोघांनीही. फार मोठी आहे.

परवा परीक्षा. हॉर्नची युक्ती तिला समजावून दिली. संकल्प: परवा तिच्यासमोर अजिबात न घाबरणे.

मंगळवार, १७ मार्च, दुपार

परीक्षक बाई ठेंगण्या, जाड कोट, हसण्याची सवय नाही. आधी गाडीभोवती फिरल्या. इंडिकेटर ठीक. मागचे दिवे ठीक. हॉर्न म्हणाल्या. कोराने चाक हळूच डावीकडे केलं आणि दणदणीत वाजवला. मला अभिमानाने भरून आलं.

मग बाई दारातून आत वाकल्या. ही पट्टी कसली? कोराने सांगितलं, लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून माझ्या डॅडने लावलीय. अगदी विश्वासाने सांगितलं. बाईंनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ओढून काढली.

पिवळा दिवा होता. तो मला माहीतच होता. नुसता सेन्सर. पण त्याच्या शेजारी, पट्टीचा जो ऐसपैस भाग होता त्याच्याखाली, दुसरा दिवा पेटलेला होता. लाल. ब्रेकचा.

बाईंनी विचारलं, हा कधीपासून लागलाय? म्हटलं, आत्ताच लागला असेल. त्या म्हणाल्या, साहेब, तुम्ही झाकून ठेवलात, तुम्हाला कसं कळणार? मग त्यांनी हाताने पेडल दाबून बघितलं. ते जवळजवळ जमिनीला टेकलं. सरळ झाल्या आणि म्हणाल्या, ही गाडी या आवाराबाहेर चाकांवर जाणार नाही. टो करून न्या.

कोरा स्टिअरिंग धरून बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, डॅड, म्हणजे त्या दिवशी पुलापाशी...

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, टो-वाल्याचा नंबर बघतो.

ग्लेन कामावरून निघून तिला न्यायला आला. मला म्हणाला, होतं असं, लाइल, मनाला लावून घेऊ नकोस. ग्लेन चांगला माणूस आहे. हीच माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे.

बुधवार, १८ मार्च

बेव्हने गाडी वर घेतली. म्हणाली, ये, खाली उभा राहा, बघ. मागच्या ब्रेककडे जाणारा लोखंडी पाइप मिठाने खाल्लेला. एका जागी ब्रेक ऑइल पाझरत होतं. ते कमी झालं म्हणून दिवा लागला, म्हणाली, दिवा त्यासाठीच असतो, भल्या माणसा. तिने दोन बोटांत पाइप धरून चिमटला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटला. उरलेलं ऑइल माझ्या बुटावर.

एक जोरात ब्रेक, म्हणाली, एकच, आणि हे असंच गेलं असतं. नशीबवान आहेस. चालवत कोण होतं, तू?

म्हटलं, माझी मुलगी.

बेव्ह तोंडात माशाचा काटा असला तरी बोलते. आज ती नुसती फडक्याला हात पुसत राहिली. मग म्हणाली, बस जरा, खुर्ची घे, पांढरा पडलायस.

बसलो. फार वेळ बसलो. तो पूल, ती पाटी, तो टँकर. मी म्हणालो होतो, उशिरा दाबलास. दोनदा म्हणालो होतो. इथं खोटं लिहायचं म्हटलं तरी हात चालत नाही. पाचावर धारण बसलीय माझी. जे होऊन गेलं नाही त्याची भीती आज वाटतेय.

पाइप पुढून मागपर्यंत सगळे बदलायचे, सातशे. बेअरिंगं धरून दीड हजाराच्या घरात. म्हटलं, कर. सगळं कर. ती म्हणाली, ही गाडी तेवढ्याची नाही आता. म्हटलं, कर.

संध्याकाळी नोरीनचा फोन. ओरडेल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता. ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, लाइल, ती तुझ्या गाडीत बसणार नाही. म्हटलं, दुरुस्त करतोय, सगळं नवं बसवतोय. म्हणाली, पट्टी गाडीने लावली होती का?

मग ती माझ्याकडे येणार कशी, असं विचारलं. म्हणाली, ते तिला ठरवू दे.

शनिवार, २८ मार्च

आज माझा शनिवार होता. कोरा आली नाही. परीक्षा परत दिली, ग्लेनच्या गाडीतून, आणि पास झाली. नोरीनने दोन ओळींचा मेसेज पाठवला. मी अभिनंदन लिहिलं, मग खोडलं, मग परत तेच लिहिलं.

गाडी बेव्हकडून आली. पेडल दगडासारखं. घरघर गेली. पन्नासला, साठला, सत्तरला ऐकून बघितली. आतून काहीच ऐकू येत नाही. रेडिओची गरज उरली नाही. शेजारची सीट माझ्या उंचीला लावलेली होती. शिकवताना मी बसायचो ती. तशीच ठेवली.

पिवळा दिवा? बेव्हने तपासला. नुसता सेन्सर निघाला. बघा.

काही वाटलं नाही मला जिंकल्यासारखं.

रविवार, ५ एप्रिल

ईस्टर. हॅम एकट्याला मोठं पडतं. अर्धंच घेतलं असतं तर स्वस्तात आलं असतं, असा विचार दिवसभर. कोराचा फोन नाही. तिला वेळ नसणार. नवं लायसन्स, मैत्रिणी, सुट्टी.

कामाचे दिवस असते तर बरं झालं असतं.

रविवार, १२ एप्रिल, दुपार

अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला नाही, इतकी ग्लेनची गाडी गुपचूप येते. कोरा दारात. एकटी! न सांगता! म्हणाली, डॅड, चल, जेवायला जाऊ. मी चालवते. म्हटलं, आपली घेऊ या की, सगळं नवं आहे, बेव्हला विचार. ती म्हणाली, ही घेऊ या. आवाज चढवला नाही. मी मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसलो.

डॅशबोर्ड स्वच्छ. एक दिवा नाही. पट्टा नाही किंचाळत, काच पडत नाही. घाबरायला काहीच नाही आणि तरी मी संपूर्ण रस्ता गालिचा दाबत होतो. ती हसली. डॅड, ब्रेक अजून माझ्याकडेच आहे.

मुद्दाम की काय, नदीच्या उताराने घेतली. पुलाच्या अलीकडे, पाटीपाशी, गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबवली. एक इंचही पुढे नाही. आडव्या रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी ती निघेना.

मी म्हटलं, त्या दिवशी तू वेळेवरच दाबला होतास. उशीर मी केला. मीच केला.

ती समोर बघत म्हणाली, माहितेय मला. मग म्हणाली, पण तू कधी म्हणतोस त्याची वाट बघत होते.

मग जेवलो. पेरोगी (बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या), वरून कांदा. ग्लेनच्या गाडीत खाणं चालतं, असं तिने सांगितलं. दर रविवारी येईन म्हणाली, ही गाडी मिळाली तर. आपल्या गाडीचं तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुकानात एका पोराला स्वस्तात हवी आहे. त्याला पाइपाचं सांगितलं, काचेचं सांगितलं, हॉर्नचंही सांगितलं. तरी हवी म्हणतो. पट्टीचा उरलेला गुंडाळा मात्र त्याला दिला नाही.

रविवार, १२ एप्रिल, संध्याकाळ

चारला निघाली. पोचल्यावर फोन कर म्हटलं. हो म्हणाली. चाळीस मैल, तासभर धरा.

पाच वाजले. ट्रॅफिक असणार.

सव्वापाच. गाडी तीन वर्षांची. नवी. काय व्हायचंय तिला. पण हायवेवर ते दुधाचे टँकर. फोन चार्ज आहे का ते बघितलं. आहे.

साडेपाच. स्वयंपाकघरातला रेडिओ लागलेला होता. फोन वाजला आणि कळलंच नाही तर? रेडिओ बंद केला. घर भलतंच शांत झालं. फ्रिजची घरघर ऐकू येते. बेअरिंग गेलं असणार त्याचं.

पावणेसहा. फोन आला. कोरा म्हणाली, अय्या डॅड, सॉरी, केव्हाच पोचले रे, विसरूनच गेले! तू वाट बघत होतास का?

मी म्हटलं, छे गं. डुलकी लागली होती. मीही विसरूनच गेलो होतो.